दाराकडे तोंड केलेली खुर्ची

आई, तुझी गाण्याची मशीन थकली आहे. डिस्क आत घेते, बराच वेळ गुरगुरते आणि त्रुटी काढून अर्ज परत करावा तशी पुन्हा बाहेर सरकवते. दुरुस्तीवाल्या चाचांनी मागच्या आठवड्यात दुकानात झाकण उघडून आत फुंकर मारली, भिंग डोळ्याला लावून पाहिलं, आणि तू बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांकडे जशी पाहायचीस तसं माझ्याकडे पाहिलं. "लेन्स बुढी हो गयी, मॅडम. याचा पार्ट आता कुठीच भेटत नाई. एखादी डिस्क पूरी चालंल, नाई तर मधातच बसंल. जे ऐकायचं ते ऐकून घ्या." इतक्या सौम्य शब्दांत कोणी निदान सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुझ्या वेळी डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं होतं, आणि तू आयुष्यभर दवाखान्यात काढलेली, मला मराठीत समजावून सांगायचं कामही तुलाच करावं लागलं होतं. तर एकच डिस्क ऐकायची. मी एवढंच ठरवलं, की जी लावीन ती शेवटपर्यंत ऐकीन, तुझ्या वाटची म्हणून. कारण इतकं सगळं जमवून तू त्यातलं काहीही शेवटपर्यंत ऐकलेलं मला आठवत नाही. आम्ही संस्कृतवाले पोथ्यांच्या यादीत ज्यांची शेवटची पानं मिळत नाहीत त्यांच्यापुढे 'खंडित' असं लिहितो. तुझं सगळं कपाट त्या हिशेबाने खंडित आहे, आणि पानं तर सगळी जागेवर आहेत.

ही मशीन आपल्या घरात आली ती भामरागडला. तू तिथल्या आरोग्य केंद्रात नर्स, बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, मी नागपूरला होस्टेलवर. सक्तीची सरकारी नोकरी पुरी करायला एक तरुण डॉक्टर आला होता आणि येताना कपड्यांपेक्षा स्पीकर जास्त घेऊन आला होता. त्याच्या बदलीचा आदेश ऐन पावसाळ्यात निघाला, पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, आणि नावाड्याने एका बॅगेच्या वर काही घ्यायला साफ नकार दिला. "सिस्टर, तुम्हीच ठेवा हे. नाही तर उंदीर ऐकतील," असं म्हणून तो गेला. जाण्याआधी त्याने तुला सगळं समजावलं होतं. ही साधी गाण्याची डिस्क नाही, हिच्यावर 'पाच पॉइंट एक' असं लिहिलेलं असतं. हिच्यात आवाज वेगवेगळे भरलेले असतात. तीन स्पीकर समोर, दोन पाठीमागे, आपण मध्ये. समोरून गाणारा येतो. मागून येतं ते सभागृह, म्हणजे भिंतींवरून परतलेला आवाज, टाळ्या, बसलेली माणसं. तू विचारलंस, "म्हंजे आपन त्या लोकायच्या मधात बसून ऐकून राह्यलो?" तो म्हणाला, हो, अगदी तेच. हे तू मला नंतर इतक्या अभिमानाने सांगितलंस, जणू परीक्षेत तोंडी प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं होतंस.

पण क्वार्टरच्या त्या खोलीत प्लग एकच, तोही दारासमोरच्या, म्हणजे मागच्या भिंतीला. समोर ठेवायच्या स्पीकरांच्या वायरी आखूड, त्यामुळे ते मशीनजवळच राहिले. मागच्यांच्या वायरी लांब, ते दाराच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांवर टांगले गेले. इथपर्यंत सगळं डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे होतं. मग तू मधोमध लोखंडी खुर्ची ठेवलीस आणि ती दाराकडे तोंड करून ठेवलीस. म्हणजे गाणारा तुझ्या पाठीशी आणि प्रेक्षक तुझ्या पुढ्यात. मी सुट्टीत आले तेव्हा म्हटलं, "आई, अगं उलटी बसलीस तू. गाणाऱ्याकडे पाठ करून कोणी बसतं का?" तू म्हणालीस, "त्याले काय होते? तो का मले पाहून राह्यला?"

दाराकडे पाठ न करण्याचं कारण मला माहीत होतं. तिथं दार वाजवायची रीत नव्हती. बाईमाणसाच्या घराशी आलेला पुरुष अंगणात उभा राहायचा आणि हलकेच खाकरायचा, एकदा, फार तर दोनदा, तोंडावर हात धरून. आपण वळून पाहिलं तर काम सांगायचा. नाही पाहिलं तर समजायचा, की बाईला आत्ता वेळ नाही, आणि आल्या पावली निघून जायचा. तू नवीन असताना एकदा स्टोव्ह भरात पेटलेला होता, तुझी पाठ दाराकडे होती, आणि अंगणात कोणीतरी खाकरून गेलं ते तुला ऐकूच आलं नाही. खाटेवर घालून आणलेली त्यांची बाळंतीण त्यांनी तशीच परत नेली. दुसऱ्या दिवशी तुला कळलं, की ती वाटेतच गेली. हे तू मला एकदाच सांगितलंस, तांदूळ निवडता निवडता, आणि मग खडे निवडत राहिलीस. तेव्हापासून तू दाराकडे पाठ करून बसली नाहीस. जेवताना नाही, केस विंचरताना नाही, मग गाणं ऐकताना कशी बसशील?

डिस्का जमवायला लागलीस तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचा नाद असेल. पण तो डॉक्टर परदेशी जाऊन स्थिरावला आणि अधूनमधून पार्सलं पाठवत राहिला. पावसाळा संपून रस्ता उघडला, की तीन-चार पार्सलं एकदम यायची, ओल धरलेली. बाकीचं तू स्वतः मिळवायचीस. प्रशिक्षणासाठी नागपूरला आलीस, की मला भेटायच्या आधी डिस्कांच्या दुकानात. दुकानदार कौतुकाने नव्या सिनेमांच्या काढून दाखवायचा आणि तू पाठीमागचा बारीक मजकूर औषधाची मुदत तपासावी तसा तपासून म्हणायचीस, "भाऊ, याच्यात पाच पॉइंट एक कुठी लिवलं?" गाणाऱ्याचं नाव तू कधी विचारलं नाहीस. भाषा कोणती, तेही नाही. डबीवर सलाइनच्या बाटलीला लावतात तसा चिकटपट्टीचा तुकडा चिकटवून तूच नाव द्यायचीस. 'पाण्यावरचा बाजा.' 'लय घंट्या.' 'रडका बुवा.' बुरशी धरू नये म्हणून स्पिरिटच्या कापसाने पुसायचीस, इंजेक्शनच्या आधी दंड पुसतात तशी, गोल गोल, आणि गोल पुसल्यानेच चरे पडून दोन डिस्का गेल्या. डॉक्टरने पत्रातून कळवलं, की मधापासून काठाकडे सरळ पुसायचं असतं. तू पत्र वाचून त्याची घडी घातलीस. मग म्हणालीस, "हे मानसाच्या उलटं हाये." 'रडक्या बुवा'ला त्याच पद्धतीने दगावलेला पाहून मला फारसं दुःख झालं नव्हतं, हे तुझ्यापासून लपलं नसेलच.

एक प्रसंग मला तारखेशिवायही नेमका आठवतो. मी संस्कृत सोडून घरी आले होते. तुला ते सगळं ठाऊक आहे. आपल्या वस्तीतली पोरं विहारात पाली शिकायची, आणि मी संस्कृत घेते म्हटल्यावर आजा बोललाच होता, "जिनं आपल्या कानात शिसं ओतायच्या गोष्टी केल्या, ते कायले शिकतं वं?" तेव्हा तू मधे पडली होतीस. "शिकू द्या तिले. ज्यायनं आपल्याले ऐकू देल्लं नाई, त्यायच्यापाशी होतं तरी काय, पाहू द्या." मी गेले, आणि दुसऱ्या वर्षी कोणीतरी वर्गात माझ्या आडनावावरून काहीतरी हसत हसत बोललं, आणि मी ट्रंक उचलून एसटीने भामरागडला आले. खोलीत तुझी डिस्क चालू आहे, मोठ्या दगडी घरात गावं तशी एक बाई गाते आहे. तू दाराकडे तोंड करून बसली आहेस. मी दारातच ट्रंक ठेवते आणि सांगते, की मी परत जाणार नाही. तू उठत नाहीस. बोटाने मला बाजूला सरक म्हणतेस, कारण मी एका स्पीकरपुढे उभी आहे. मग म्हणतेस, "अर्धं ऐकून उठू नोको. पूर्न ऐक, मंग पायजे तर शिव्या दे." एवढ्यात अंगणात कोणीतरी खाकरतं. तू बटण दाबून मशीन बंद करतेस, पायांत चपला सरकवतेस आणि निघून जातेस. गाणारी बाई सुराच्या मध्यावर तुटते. तू परत आलीस तेव्हा उजाडलं होतं, आणि मी तुझ्या शब्दाप्रमाणे वागत नागपूरची एसटी पकडायला निघाले होते. मी पूर्ण ऐकलं, आई. शिव्याही देते. शुद्ध संस्कृतात देते, म्हणून कोणाला कळत नाहीत इतकंच.

मुलचेऱ्याला बदली झाली तेव्हा तिथं निर्वासित म्हणून वसवलेले बंगाली लोक खाकरत नसत, सरळ फाटकातून हाक मारायचे, "दिदी, ओ दिदी!" तरी खुर्चीचं तोंड दाराकडेच. आता प्लग चांगले तीन होते, तरी तू मशीन दारासमोरच्याच भिंतीला लावलीस. आणि मग तू निवृत्त होऊन चंद्रपूरला माझ्याकडे आलीस. तिसऱ्या मजल्यावर, जिथं शेजारचे सुद्धा दाराला कडी लावून आत मोबाइलवर बोलतात. तुझ्यासाठी पुढची खोली दिली. मी स्वतः स्पीकर टांगले. म्हटलं, आता कोणी बोलवायला येत नाही, आता निवांत पूर्ण ऐक. तू म्हणालीस, "हो ना." आणि दुपारी कॉलेजात संस्कृत शिकवून मी यायची, तर तू चालू गाणं बंद करून दार उघडून जिन्याकडे पाहत उभी असायचीस. मी विचारायची, "कोण आलं होतं?" तू म्हणायचीस, "कोनी नाई." आत येऊन चहा ठेवायचीस. पुन्हा चार दिवसांनी तेच.

मला वाटलं, वय झालं. नंतर वाटलं, कान गेले, कानात आवाज येत असतील. तुला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीक बारीक आवाज ऐकवले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. तुमचे तपासायचे का?" तू परतीच्या रिक्षात खिदळत होतीस. मी जरा रागानेच म्हटलं, की मग उठतेस कशाला मधेच? आमच्या ग्रंथांत श्रवण, मनन, निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्यात, तू पहिलीवरच इतकी वर्षं बसलीयस. तू म्हणालीस, "मनन करून राह्यली ना मी, जिन्यात."

त्यानंतर फार दिवस तुझ्या हातात नव्हते. शेवटी शेवटी तुला खुर्चीत बसवेना, पलंग त्याच खोलीत लावला, आणि तू त्याचंही तोंड दाराकडे करायला लावलंस. मी म्हटलं, गाणं लावू? तू मान हलवलीस, नको. "मधात उठता येनार नाई मले," म्हणालीस. मला तेव्हा ते औषधाच्या गुंगीतलं बोलणं वाटलं. तू गेल्यावर लोक आले, वंदना झाली, आणि ते सगळे दार वाजवून आले. मग मी स्पीकर उतरवून ठेवले. त्याला आता बरीच वर्षं झाली. संस्कृतला विद्यार्थी इतके कमी झालेत, की वर्गाच्या चार कोपऱ्यांत एकेक बसवला तर तुझ्या स्पीकरांसारखं सराउंड होईल, आणि मी मध्ये उभी राहून विचार करते, की यातला समोरचा कोण आणि मागचा कोण.

तर परवाचं सांगते. चाचा घरी येऊन मशीन आणि स्पीकर पुन्हा लावून गेले. त्यांनी स्वतः खुर्ची उचलून मशीनकडे तोंड करून ठेवली. "मॅडम, सही जगा ही हाये. गाणेवाला समोर पाहिजे." मी हो म्हटलं. ते जिना उतरले आणि मी खुर्ची फिरवली. सुट्टीची दुपार, मे महिना. ऐकायचं तर कूलर बंद करावा लागतो, त्याची घरघर 'लय घंट्यां'नाही गिळते. चंद्रपुरात मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आमच्या पुराणांत चार बाजूंना अग्नी पेटवून डोक्यावर पाचवा सूर्य घेऊन तप करतात. माझ्याकडे स्पीकर पाच होते आणि वर गच्ची तापलेली होती. कपाटातून मी ती डिस्क काढली, माझ्या ट्रंकेच्या दिवशी तुटलेली. तिच्या डबीवर तुझ्या अक्षरात 'मोठ्या घरातली बाई' असं लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतर तू बहुतेक तीच लावायचीस. मी तुझ्या इतक्या डिस्कांच्या सोबत इतकी वर्षं राहिले, पण त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. नीट ऐकू येईल अशी जागा खोलीत एकच असते, आणि ती तुझी होती. मी स्वयंपाकघरातून, पलंगावरून, बाजूबाजूनेच ऐकलं होतं.

मशीनने डिस्क घेतली, गुरगुरली, आणि परत दिली नाही. ती बाई पाठीमागे गायला लागली. खरं सांगू, पाठीमागे गाणारं माणूस असलं, की बरं वाटतं. आपल्याला त्याच्याकडे पाहायचं नसतं, दाद द्यायची नसते. कोणीतरी आपल्या पाठीवर हात ठेवून कामाला लागावं तसा तिचा आवाज होता. समोर, दाराच्या अंगाने, ते दगडी घर होतं आणि त्यात बसलेली माणसं. श्वास, लाकडी बाकांची करकर. ती थांबायची तिथं एवढी शांतता, की शांततेचीही भिंत असावी. मी डोळे मिटले नाहीत. तू कधी मिटत नसायचीस. माझ्या ट्रंकेच्या दिवशी तुटलेली जागा आली आणि गेली. मी पुढे ऐकत राहिले. इथून पुढचं तू त्या दिवशी ऐकलं नव्हतंस. पाठीमागे मशीन अडेल का, एवढंच मनात होतं. ती बाई फार हळू, जवळजवळ बोलल्यासारखं काहीतरी गात होती, आणि दाराच्या डाव्या चौकटीशी कोणीतरी खाकरलं.

म्हातारा माणूस. हलकेच, तोंडावर हात धरून. थोडं थांबून पुन्हा एकदा.

तो त्या दगडी घरात बसलेला कोणी परका प्रेक्षक आहे हे मला कळलं, आई. लगेच कळलं. तुझे कान तर माझ्यापेक्षा चांगले होते, लेखी प्रमाणपत्र आहे. म्हणजे तुलाही कळत होतं. तो डिस्कमधला आहे हे कळूनच तू दर वेळी उठायचीस, मशीन बंद करायचीस, दार उघडायचीस. तिसऱ्या मजल्यावर तुझ्या दारी येऊन खाकरणारा तेवढा एकच उरला होता. आणि मी तुला कानाच्या डॉक्टरकडे नेत होते.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. "पूरी चली क्या, मॅडम?" मी म्हटलं, "चालली, चाचा. शेवटपर्यंत चालली." ते खूष झाले. खोटं नाही ते. शेवटच्या टाळ्यांपर्यंत मशीन एकदाही अडली नाही, आणि त्यानंतर मात्र तिने कुठलीच डिस्क घेतलेली नाही. पण चाचांनी विचारलं ते मशीनचं. माझं तुला सांगते, कारण हा कागद कुठल्या टपालात पडायचा नाही, 'मोठ्या घरातल्या बाई'च्या डबीतच राहील. मी पूर्ण बसले नाही. तो खाकरला आणि मी उठले. मशीन बंद करायचं भान राहिलं नाही, पायांत चपला सरकवल्या, दार उघडलं, आणि रिकाम्या जिन्याला, इतकी वर्षं घासून पुसून नीट केलेल्या माझ्या जिभेने, तुझ्यासारखं विचारलं, "कोन व्हय? या ना, आत या."